मधली भिंत

मोटार ठेवण्याच्या दोन खोल्यांची एक खोली करणें हा कांहीं शाळेच्या वार्षिक अंकांत लिहिण्याचा विषय नव्हे, असें आमच्या वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत या क्षुल्लक कामानें आमची जी परीक्षा घेतली, तींत आम्ही उत्तीर्ण झालों असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आमच्या अंगणांत रस्त्याच्या बाजूस दोन मोटारखाने एकमेकांस लागून होते; एक आमचा व दुसरा आमच्या चुलतबंधूंचा. बंधु परगांवीं स्थायिक झाल्यापासून त्यांच्या खोलींत मोडक्या खुर्च्या व शेजारचें मांजर यांचें राज्य होतें. प्रत्येक खोलीची रुंदी आंतून साडेआठ फूट. तेवढ्या जागेंत मोटार घातली कीं तिचें दार हातभरही उघडत नसे, आणि अंग चोरून बाहेर पडावें लागे. आम्ही तें निमूटपणें सोसलें असतें. पण आमच्या मातोश्री दोन वर्षांपासून चाकांच्या खुर्चींत बसतात. त्यांस मोटारींत बसवावयाचें म्हणजे आधीं मोटार उघड्यावर आणावी लागे. मागल्या आषाढांत रुग्णालयांत जातांना त्या डोक्यावर पदर घेऊन भिजत बसल्या, आणि पुढच्या खेपेस म्हणाल्या, "मला नेऊं नका रे, मी बरी आहें." हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. आम्हीं बंधूंस पत्र लिहिलें; त्यांनीं आपली खोली आनंदानें दिली.

मिस्त्रीकाकांस बोलाविलें. ते शिडीवरून वर चढले, चार कौलें बाजूस सारलीं आणि बराच वेळ आंत पाहत राहिले. खालीं उतरून म्हणाले, "मास्तर, ही नुसती आडभिंत नव्हे. दोन्ही खोल्यांचीं आढीं नि पाट्या हिच्याच डोक्यावर येऊन सांधल्या आहेत. टेकू दिल्याखेरीज हिला हात लावायचा नाहीं. मी भाचीचें लग्न उरकून चार दिवसांनीं येतों, तोंवर थांबा."

आम्ही थांबलों नाहीं. सुटी लागण्यापूर्वीं वर्गांत आम्हीं इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांतील मधल्या आडभिंतीचा पाठ शिकविला होता. यरुशलेमच्या मंदिरांत परक्यांस अडविणारा जो कठडा होता, त्याविषयींचा ग्रीक लेख कोरलेला दगड १८७१ सालीं सांपडला, हेंही आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें होतें. भिंतींविषयीं इतकें ज्ञान असणाऱ्या पदवीधरानें एका गवंड्याची वाट काय म्हणून पाहावी? खालच्या चार थरांच्या विटा काढून ठेवल्या तर काकांचें काम हलकें होईल, एवढाच आमचा विचार होता. मदतीस आमचा पंधरा वर्षांचा भाचा होता. तो याच शाळेंत नववींत आहे, व मामाच्या शब्दाबाहेर जात नाहीं. त्या दिवशीं तो गेला असता तर बरें झालें असतें.

सायंकाळपर्यंत भिंतीच्या बुडाशीं चार हात लांबीचें भगदाड पडलें. मग वरून चुन्याची बारीक भुकटी पडूं लागली. भाचा म्हणाला, "मामा, हें काय?" आम्ही म्हणालों, "जुनी धूळ." तो घमेलें रितें करावयास बाहेर गेला आणि त्याच क्षणीं वर लांकूड करकरलें. जेथें दोन आढीं भेटतात तेथें सांधा दोन बोटें खालीं बसला, आणि आठदहा कौलें धडाधड खालीं आलीं. मंगळुरी कौल वजनानें दोन किलोंहून अधिक भरतें. बाझल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, तेव्हांपासून हें कौल आपल्याकडे पसरलें, वगैरे माहिती आम्हांस तोंडपाठ आहे. परंतु त्याचें वजन आम्हांस त्या दिवशीं कळलें. घमेल्याची जागा फुटक्या तुकड्यांनीं भरून गेली होती. भाचा दारांत उभा होता. त्याचे ओंठ पांढरे पडले होते. आमचेही पडलेच असतील.

आम्हीं मिस्त्रीकाकांस दूरध्वनि केला. काय झालें तें सांगतांना आमचा आवाज नीट फुटेना. ते इतकेंच म्हणाले, "आंत कोणी जाऊं नका." रात्रीं दहाच्या सुमारास ते तीन गडी व टेंपोभर बल्ल्या घेऊन आले. सदऱ्यावर हळदीचे डाग तसेच होते. विजेरीच्या उजेडांत त्यांनीं भिंतीच्या दोन्ही अंगांस फळ्या घालून बल्ल्यांचे टेकू दिले आणि पाचरी ठोकून आढीं उचलून धरलीं. बारा वाजले. आम्हांस ते एक शब्दही बोलले नाहींत. त्यांनीं रागें भरावें असें आम्हांस फार वाटत होतें.

पुढचें काम त्यांच्या पद्धतीनें झालें. त्यांच्याच आग्रहावरून एका अभियंत्यांकडून लोखंडी तुळयांचें माप ठरवून घेतलें. भिंत चौदा इंच जाडीची व अठरा फूट लांब. तिचा कौलांखालचा त्रिकोणी भाग राखून खालचा चौकोनी तेवढा काढावयाचा होता. त्याकरितां वरच्या भागांत भोंकें पाडून आडवे दांडे घातले, व त्यांचीं टोकें टेकूंवर पेलून धरलीं. मग एका अंगास खांच पाडून पहिली तुळई बसविली, ती सिमेंटनें घट्ट झाल्यावर दुसऱ्या अंगास दुसरी, आणि दोहोंस आरपार बोल्टांनीं जखडलें. टोकांखालीं घडीव काळ्या दगडाचे पाट दिले, म्हणजे भार एकाच विटेवर न येतां पसरतो. हें सर्व झाल्यावर मग वरून खालीं, एकेक थर करून, भिंत उतरविली. आम्हीं खालून आरंभ केला होता!

पुढें दोन दारांऐवजीं एकच रुंद दार असावें अशी आमची हौस होती. काकांनीं ती मोडून काढली. दर्शनी खांब काढला असता, तर मधल्या तुळईचें ओझें दारावरच्या तुळईच्या ऐन मध्यावर आलें असतें. तिला पेलेल अशी जड तुळई घेण्याचें आमच्या पगारांत नव्हतें. म्हणून भिंतीचा पुढचा व मागचा दीड दीड फुटाचा तुकडा खांब म्हणून राहिला आहे. दारें दोन, खोली एक. दिसावयास विचित्र दिसते, पण मोटारीचें दार सताड उघडतें व खुर्ची शेजारीं उभी राहते. दोन्ही खोल्यांच्या जमिनींत तीन इंचांचें अंतर होतें, तेथें खुर्चीसाठीं उतार केला आहे.

आषाढाच्या पहिल्या सरींत मातोश्री कोरड्या अंगानें मोटारींत बसल्या. "भिंत होती कोठें?" त्यांनीं विचारलें. आम्हीं जमिनींतील नव्या सिमेंटचा पट्टा दाखविला. "आणि पोरगा कोठें उभा होता?" हें त्यांस कोणीं सांगितलें, तें आम्हांस आजवर कळलें नाहीं.

आमच्या भगिनीस मात्र यांतलें कांहीं ठाऊक नाहीं. धुळीनें माखलेल्या कपड्यांबद्दल भाच्यानें कांहींतरी सांगून वेळ मारून नेली, व आम्हीं त्याला दुजोरा दिला. हा अंक घरोघर जाईल, तेव्हां तिच्याही हातीं पडेल. तत्पूर्वीं येत्या शनिवारीं तिच्या घरीं जाऊन सर्व आपल्या तोंडानें सांगावें असें आम्हीं ठरविलें आहे. मातोश्री बरोबर येणार आहेत.