पंधरा मिनिटांचा रियाज

वयाच्या ६७ व्या वर्षी एखादी बाई गिटार शिकायला निघाली, की काही लोक कौतुकाने हसतात आणि काही नुसतेच हसतात. मी दोन्ही प्रकारचे हसणे ऐकले आहे. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला, तेव्हा त्याची गिटार कपाटावरच राहिली. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, मी तिच्यावरची धूळ पुसत असे. ती खाली उतरली, त्याला कारण माझ्या यजमानांचे आजारपण.

त्यांना पार्किन्सन्स झाल्याचे निदान होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. औषधाच्या वेळा, पथ्य, व्यायाम, रात्रीची उठबस यांत दिवस कसा सरे ते कळत नसे. शर्टाची पाच बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागत आणि मला तेवढा धीर नसे. एका सकाळी मी त्यांचा हात बाजूला सारून खसकन् बटणे लावली आणि त्यांच्यावर ओरडले. ते काहीच बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याने मला रात्रभर झोप आली नाही. दिवसातला थोडा तरी वेळ या आजाराचा नसावा, असे त्या रात्री तीव्रतेने वाटले आणि दुसऱ्या दिवशी गिटार खाली काढली.

आरंभीची माझी चूक अनेकांची होते, म्हणून सांगते. आठवडाभर वेळ मिळत नसे, म्हणून रविवारी मी दोन-दोन तास बसे. गिटारला पोलादी तारा होत्या. बोटांची टोके लाल होत, मनगट भरून येई आणि पुढच्या रविवारपर्यंत हात सगळे विसरून गेलेला असे. महिनाभराने गिटार पुन्हा कपाटावर ठेवण्याच्या बेतात असताना शेजारच्या इमारतीतला एक तरुण शिक्षक भेटला. त्याने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "काकू, रविवारचे दोन तास विसरा. रोजची पंधरा मिनिटे द्या. मात्र एकही दिवस चुकवू नका."

त्याने आधी नायलॉनच्या तारांची गिटार आणायला लावली. त्या तारा बोटांना मऊ लागतात. मग दाब शिकवला. बोट पडद्याच्या अगदी मागे, जवळ ठेवले, तर थोड्या दाबातही सूर स्वच्छ निघतो; दोन पडद्यांच्या मध्ये ठेवले, तर दुप्पट जोर लावूनही तार कुरकुरते. मी इतके दिवस नाहक बळ खर्च करीत होते.

आपल्यालाही शिकण्याची इच्छा असेल, तर माझ्या पंधरा मिनिटांचा हिशोब असा आहे. पहिली तीन मिनिटे गिटार सुरात लावणे आणि मोकळ्या तारा संथपणे छेडून हात सैल करणे. पुढची पाच मिनिटे केवळ एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाणे. मी ई मेजर आणि ए मायनर या जोडीपासून सुरुवात केली. दोन्हींत बोटांची ठेवण तीच असते, फक्त ती एक तार खाली सरकते. त्यापुढची पाच मिनिटे एखाद्या गाण्याच्या दोनच ओळी. त्याही जिथे हात अडतो, तेथल्या. दर वेळी गाणे पहिल्यापासून वाजवण्याचा मोह होतो. पण त्यामुळे जे येते तेच पक्के होते आणि अडलेले अडलेलेच राहते. उरलेली दोन मिनिटे मनाला येईल ते वाजवायचे. ही दोन मिनिटे वगळू नयेत. उद्या पुन्हा बसावेसे वाटते, ते त्यांच्यामुळेच.

लयीसाठी मेट्रोनोम लावावा. हे यंत्र युरोपात १८१५ पासून प्रचारात आहे; आता ते मोबाइलवरही मिळते. मी मिनिटाला ५० ठोक्यांवर आरंभ केला. ओळ तीनदा लागोपाठ बिनचूक आली, तरच चार ठोके वाढवायचे. चुकली, तर निमूटपणे चार ठोके मागे यायचे. घाईने वाजवले, की हात चूकही तितक्याच निष्ठेने पाठ करतो. आणखी एक नवल अनुभवास आले. रात्री काही केल्या न जमलेली जागा कित्येकदा सकाळी सहज जमते. शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करीत असतो. म्हणून न जमल्यास हट्टाने तासभर झगडण्यापेक्षा गिटार खाली ठेवून झोपावे.

काही खबरदारीही सांगते. बोटांच्या टोकांना सुरुवातीला होणारी हुळहुळ दोन-चार आठवड्यांत त्वचा घट्ट झाल्यावर ओसरते. परंतु सांधा दुखू लागला, मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबावे. संधिवात असलेल्यांनी, तसेच मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

त्या शिक्षकाने मला जॅंगो राइनहार्टची हकीकत सांगितली. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. त्याने उरलेल्या दोन बोटांसाठी वाजवण्याची पद्धत नव्याने घडवली आणि तो जगद्विख्यात झाला. माझी पाचही बोटे शाबूत होती. पण ती हकीकत शेजारच्या खोलीतून कोणी दुसरेही ऐकत होते, हे मला उशिरा कळले.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळचा रियाज करीत होते. मेट्रोनोम ८० वर टिकटिकत होता. यजमान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. पार्किन्सन्समध्ये पाय असे अवचित जमिनीला खिळतात आणि दारासारख्या अरुंद जागी तर हटकून खिळतात. मी आधार द्यायला उठले आणि टिकटिक बंद केली. ते म्हणाले, "अगं, ते चालूच ठेव." मी पुन्हा लावले. त्यांनी दोन-चार ठोके ऐकले, एका ठोक्यावर पाय उचलला, पुढच्यावर दुसरा, आणि उंबरा ओलांडून ते आत आले.

फिजिओथेरपिस्टना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की बाहेरून मिळणाऱ्या ठेक्यावर पाऊल टाकणे अशा रुग्णांपैकी अनेकांना सोपे जाते आणि उपचारांत त्याचा उपयोगही केला जातो. त्यांनी यजमानांची सहज पावले मोजून ठोक्यांचा वेग ठरवून दिला. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर तो वेग तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावा आणि चालताना कोणीतरी जवळ असावेच.

त्या दिवसापासून माझ्या रियाजाच्या वहीत दोन रकाने झाले. एकात मिनिटाला मी किती वेळा कॉर्ड बदलू शकते तो आकडा आणि दुसऱ्यात पलंगापासून गॅलरीपर्यंत जाताना त्यांचे पाय किती वेळा अडले तो. माझा आकडा दीड वर्षात ९ वरून ३८ वर आला. त्यांचा काही महिने सुधारला. अलीकडे तो पुन्हा बिघडू लागला आहे. आजार हटलेला नाही आणि गिटारने तो हटेल, असे मी कोणालाही सांगणार नाही.

बदलले आहे ते बटणांचे. अवघड हालचालीचे तुकडे करावेत, एकेक तुकडा संथपणे करावा, चुकल्यास मागे यावे, हे मी माझ्या बोटांसाठी शिकले होते. एका सकाळी ध्यानात आले, की शर्ट घालताना ते नेमके हेच करीत असतात आणि मध्ये येत होते ती मी. आता ते बटणे लावत असताना मी समोर बसून तारा सुरात लावते. मला तीन मिनिटे लागतात, त्यांना दहा. माझे आधी झाले, की मी पुन्हा पहिल्या तारेपासून सुरू करते.