समुद्राला उतार असतो!

समुद्राला उतार असतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो! जपानमध्ये शिकोकू आणि आवाजी या दोन बेटांच्या मधोमध, नारुतोच्या सामुद्रधुनीत मी तो पाहिला आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

सामुद्रधुनी ती केवढी? जेमतेम 1.3 किलोमीटर रुंद. 1985 साली तिच्यावर ओनारुतो पूल झाला. वरून मोटारी जातात. खालच्या मजल्यावर रेल्वेसाठी जागा राखली होती. रेल्वे काही आली नाही आणि तिथे चालत जाण्याची वाट झाली. त्या वाटेत पायाखाली जाड काचा बसवल्यात. काचेखाली 45 मीटरवर समुद्र.

मी काचेवर सरळ पालथाच झालो. मधोमध हिरवंगार, गुळगुळीत पाणी नदीसारखं सुसाट निघालेलं. कडेचं पाणी मात्र सुस्त. दोन्हींची जिथे गाठ पडते तिथे फेसाची फाटकी शिवण. त्या शिवणीवर एक खळगा पडला. बघता बघता रुंदावला, फेसाचे पांढरे पट्टे त्याच्याभोवती गुंडाळले गेले, मधलं पाणी खाली बसलं, भोवरा गरगरत प्रवाहाबरोबर पुढे सरकला आणि काही क्षणांत विस्कटून गेला. तोवर मागे दुसरा! त्याच्या शेजारी तिसरा! कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. ऐन उधाणाला इथले भोवरे 20 मीटर व्यासाचे होतात.

आणि याचं कारण कळलं तेव्हा तर मी आणखीच वेडा झालो. प्रशांत महासागराची भरती दक्षिणेकडून येते. या चिंचोळ्या वाटेतून एवढं पाणी मावत नाही. मग भरती आवाजी बेटाला पूर्वेकडून वळसा घालते, ओसाकाच्या उपसागरातून आणि आकाशीच्या सामुद्रधुनीतून फिरून पलीकडच्या बाजूला पोहोचते. या प्रदक्षिणेला पाच-सहा तास लागतात. तोवर दक्षिणेला ओहोटी लागलेली! म्हणजे एकाच वेळी उंबरठ्याच्या एका अंगाला भरती, दुसऱ्या अंगाला ओहोटी, आणि पातळीत दीड मीटरपर्यंत फरक. मग पाणी धावेल नाही तर काय करेल? उधाणाला त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरपर्यंत जातो. सहा तासांनी सगळं उलटं. सकाळी दक्षिणेला पळणारं पाणी दुपारी उत्तरेला पळतं.

भोवरा कुठल्या बाजूला फिरणार तेही ठरलेलं. प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं तर उजव्या कडेचे भोवरे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, डाव्या कडेचे उलटे. मधलं पाणी पुढे ओढतं, कडेचं मागे धरतं. एवढंच! हे कळल्यावर मी पुन्हा काचेवर पालथा.

जपानी पुराणकथेत इझानागी आणि इझानामी हे देव-देवी भाल्याने समुद्र घुसळतात आणि मग त्यांच्यापोटी बेटं जन्माला येतात. त्यांतलं पहिलं आवाजी. समुद्रमंथन ऐकत वाढलेल्या माणसाने ही कथा नेमकी इथे, या घुसळणाऱ्या पाण्यावर उभं राहून ऐकावी! चित्रकार हिरोशिगेने 1855 मध्ये नारुतोच्या याच लाटा लाकडी ठशाच्या चित्रात उतरवल्या. चित्र मी आधी पाहिलं होतं आणि त्यातली वळणं कलावंताची हौस समजलो होतो. नाही हो, ती अगदी तश्शी आहेत!

पूल बघून झाला की बोटीत बसाच. वरून जी नक्षी वाटते तिचा खाली आवाज होतो, बोट थरथरते, आणि पाण्याची पायरी अगदी कठड्याशी येते.

जाणार असाल तर तारीख सुट्टी बघून नको, पंचांग बघून ठरवा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या लगतचे दिवस गाठा, त्यातही वसंतातले किंवा शरदातले. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत हा जोर नसतो. भोवऱ्यांच्या वेळा आधीच जाहीर झालेल्या असतात. दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच पुलावर जाऊन उभे राहा, म्हणजे पाण्याला हळूहळू उतार चढताना बघायला मिळेल.