बाईंची बाग

मिनियापोलिसच्या एलोइझ बटलर बागेत पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, बाग अजून लावायचीच राहिली आहे. ताटवे नाहीत, कारंजं नाही, कापलेली हिरवळ नाही. थिओडोर वर्थ पार्कमधलं कुंपण घातलेलं पंधरा एकरांचं रान, त्यातून फिरणारी लाकडाच्या ढलप्यांची पायवाट, आणि वाकून पाहिलं तरच दिसणारी फुलं. खाली दलदल, मग झाडी, वर प्रेअरीचं मोकळं गवत. तिकीट नाही. एप्रिलमध्ये फाटक उघडतं, पानगळ सरली की बंद होतं.

यंदा जूनमध्ये बऱ्याच वर्षांनी तिथे गेले. याच शहरात पूर्वी आम्ही राहायचो त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ॲशची झाडं होती, त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत मिसळायच्या. आशियातून आलेला हिरव्या पाठीचा एक किडा मिनेसोटात 2009 साली पहिल्यांदा सापडला. तो सालीखाली बोगदे करतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. शहराने हजारो ॲश तोडले. त्या गल्लीत आता सकाळपासून ऊन असतं. नवी रोपं लावली आहेत, निरनिराळ्या जातींची, म्हणजे पुन्हा एकाच किड्याने सगळी जाऊ नयेत. पण त्या रस्त्यावर मला थांबवेना. सरळ बागेत गेले. तिथे तरी अक्का भेटेल असं वाटत होतं, असं म्हटलं तर कोणी हसेल; पण माझ्या मनात तेच होतं.

अक्का माझी थोरली बहीण. साताऱ्याच्या एका शाळेत तिने जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. कासच्या पठाराला जगाने ओळखण्याच्या कितीतरी आधी ती सप्टेंबरात वर्गच्या वर्ग एसटीत घालून तिथे न्यायची. पोरांना उभ्याने फूल बघू द्यायची नाही. "खाली बस. ते तुझ्यासाठी वर येणार नाही," असं सांगायची. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, कवला, डबक्यांतला तो वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, हे सगळं पोरं गुडघ्यांवर बसून शिकली.

निवृत्तीनंतर ती एकदाच माझ्याकडे आली, तीही जूनमध्येच. मी हौसेने तिला मॉल दाखवला, मिसिसिपी दाखवली, धबधबा दाखवला. प्रत्येक ठिकाणी ती "छान आहे" म्हणाली आणि मला कळायचं की तिला घरी जायचंय. शेवटी या बागेत आणली.

बागेत मध्यभागी एक छोटी लाकडी इमारत आहे, मार्था क्रोनच्या नावाची. तिथे एक वयस्कर स्वयंसेविका बसल्या होत्या. अक्काने मला दुभाषी केलं आणि त्यांची जणू तोंडी परीक्षाच घेतली. बाग कोणी केली? शाळेतल्या बाईंनी. एलोइझ बटलर 1851 साली मेन राज्यात जन्मल्या, मिनियापोलिसच्या हायस्कुलांत त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या काळी बाईमाणसाला शिकवण्याखेरीज फारशी वाट नव्हती. शहर वाढत होतं, दलदली बुजवल्या जात होत्या, आणि मुलांना दाखवायला रानफुलं मिळेनाशी झाली. तेव्हा त्यांनी आणि इतर शिक्षकांनी 1907 मध्ये शहराच्या उद्यान मंडळाकडे अर्ज करून हा ओलसर तुकडा मागून घेतला. 1911 मध्ये शाळेतून निवृत्त झाल्या आणि बागेच्याच झाल्या. लग्न? नाही केलं.

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. "कुंपणाचे पैसे कोणी दिले ते विचार," म्हणाली.

मला प्रश्न विचित्र वाटला, तरी विचारला. पहिलं कुंपण 1924 साली घातलं, त्या बाईंनीच, स्वतःच्या पैशाने.

हे ऐकून अक्का बाहेर गेली. मी मागे धावले. ती खाली दलदलीच्या कडेला पोचली होती. तिथे लेडीज स्लिपर फुलली होती. 1902 पासूनचं मिनेसोटाचं राज्यफूल, आमरीच्या कुळातलं. पांढऱ्या पाकळ्या आणि खाली गुलाबी फुगीर पिशवी. बी धुळीइतकं बारीक, पोटात शिदोरी नसलेलं. मातीतल्या बुरशीची सोबत मिळाली तरच रुजतं, आणि रुजल्यावर पहिलं फूल यायला कधीकधी सोळा वर्षं जातात. हे मी पाटीवरचं वाचून दाखवलं.

"सोळा! माझ्या दहावीच्या पोरांएवढं," अक्का म्हणाली आणि पदर खोचून वाटेतच खाली बसली.

"अक्का, ऊठ गं. माणसं जातायत."

"जातील की बाजूनं."

आणि खरंच माणसं बाजूने गेली. एक बाप आपल्या मुलीला घेऊन तिच्याजवळ तसाच खाली बसला. अक्काने त्या मुलीला बोटाने पिशवीचं तोंड दाखवलं. माशी आत कुठून शिरते, बाहेर कुठून पडते, हे खुणांनीच समजावलं. मराठीत बोलत होती. मुलगी मान डोलवत होती. इतकी खूष अक्का मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

परतताना तिने पुन्हा त्या स्वयंसेविकांना गाठलं. त्या बाईंनंतर कोण होतं?

1933 च्या एप्रिलमध्ये एलोइझबाई बागेकडे जायला निघाल्या असताना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्या. राख इथेच विखुरली. पाठोपाठ मार्था क्रोन आल्या आणि 1958 पर्यंत त्यांनी बाग सांभाळली. वरचा प्रेअरीचा भाग 1944 मध्ये जोडला गेला, तो क्लिंटन ओडेल यांच्या मदतीने. दाढीच्या क्रीमच्या धंद्यात पैसा केलेला हा माणूस एकेकाळी बाईंच्या वर्गात होता. पुढे 1952 मध्ये बागेच्या मित्रांची संस्था त्यानेच उभी केली.

"विद्यार्थी," अक्का म्हणाली. एवढंच.

मला तिच्या शाळेमागची जागा आठवत होती. प्रयोगशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून भिंतीपर्यंत. यवतेश्वरच्या घाटात रस्त्याचं खोदकाम निघालं की अक्का रविवारी पोतं घेऊन जायची आणि जेसीबीपुढचे कंद उचलून आणायची. पठारावरून तिने काडीही उपटली नाही, त्याबाबत ती फार कडक होती. चवर, कळलावी, पंद, मुसळी, दोन जातींची कंदीलपुष्पं. कंदीलपुष्प माशीला नळीत अडकवतं आणि आतले केस सुकले की परागकण चिकटवून सोडून देतं, हे तिच्या पोरांनी पुस्तकाआधी भिंगातून पाहिलं. शेळ्या शिरायच्या म्हणून तार तिने स्वतःच्या पगारातून आणली. ती निवृत्त झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिथे दुचाक्या लावायला पेव्हर ब्लॉक बसले. तिला कोणी कळवलंही नाही, शिपाईमामांकडून समजलं. शाळेला जागा हवी होती, हे मी समजू शकते. एक निरोप द्यायला काय लागत होतं, हे मला आजही समजत नाही. तिच्या हाताखालून डॉक्टर गेले, बिल्डर गेले, नगरसेवक गेले.

अक्का जाऊन आता काही वर्षं झाली. यंदा बागेत पोचले तेव्हा कुंपणाजवळ सात-आठ जण बकथॉर्न उपटत होते. कुंपणासाठी म्हणून युरोपातून आणलेलं हे झुडूप रानात शिरलं आणि जमिनीवरच्या फुलांचा उजेड खाऊ लागलं. वरच्या प्रेअरीत, गवतात झुडपं माजू नयेत म्हणून अधूनमधून ठरवून आग लावतात. कासला कुंपण घातलं आणि गुरं बंद झाली तेव्हा अक्का नेमकं हेच ओरडून सांगत होती: चराई थांबली की गवत माजेल आणि फुलं दबतील. रान म्हणून सोडून दिलं की रान राहतं, यावर तिचा कधीच विश्वास नव्हता. त्या मंडळींपैकी एकाने मला हातमोजे दिले. दुपारपर्यंत मी त्यांच्यात होते. लेडीज स्लिपर पाहायची राहिलीच.

त्या रात्री मी साताऱ्याच्या शाळेला पत्र लिहिलं. ब्लॉक काढा असं म्हटलेलं नाही. टाकीमागे भिंतीलगत हातभर रुंदीची मातीची पट्टी अजून मोकळी आहे, तेवढी मागितली आहे. अक्काच्या वहीतली झाडांची यादी सोबत जोडली, कोणतं झाड घाटात कुठल्या वळणावर मिळतं त्यासकट. पट्टी सांभाळायला एखाद्या शिक्षकाचं नाव कळवा, असं लिहिलं. तारेचा खर्च मी देईन.