चिंचोके लावून पोकर

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायचा. २०२५च्या कायद्याने ते बंद झालं, तर आता मित्रांसोबत गोव्याला, मांडवीतल्या कसिनोत जायचं म्हणतो. "मामू, हा जुगार नाही, हिशेब आहे." म्हटलं, मग मला शिकव. पैशांऐवजी चिंचोके लावू. अम्मीला तेवढंही रुचलं नाही.

प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मधे पाच उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतली सर्वांत चांगली पाच आपली. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे उलटं. कारण साधं आहे. बावन्न पत्त्यांतून पाच पानं २५,९८,९६० प्रकारे हाती येऊ शकतात. त्यांत नुसता सिक्वेन्स १०,२०० वेळा, नुसता कलर ५,१०८ वेळा. जे दुर्मीळ ते वरचढ.

मग लावण्याचं गणित. समजा चार बदाम जमलेत आणि एकच पान उघडायचं राहिलंय. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे पाचात जेमतेम एक संधी. मधे शंभर चिंचोके असतील आणि खेळात राहायला वीस लागणार असतील, तर टाकावेत. पन्नास लागणार असतील तर पॅक करावं. भाच्याचं म्हणणं खोटं नाही. हिशेब आहेच.

पण तो अर्धाच आहे. आम्ही चौघं प्रत्येकी शंभर चिंचोके घेऊन बसलो होतो. रात्री मोजले तर चारशेच. पोकरमध्ये काही पिकत नाही. एकाचं दुसऱ्याकडे जातं. कसिनो तर डावातून आपला हिस्सा काढून घेतो, म्हणजे टेबलावरचे चारशेही चारशे राहत नाहीत. खेळणारा जितका हुशार, तितकं समोरच्याचं नुकसान पक्कं.

सूरह माइदाच्या ९०व्या आयतीत जुगाराला मनाई आहे. ९१वीत कारण येतं: त्यातून माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरला जातो. खेळ नशिबाचा की अकलेचा, ही चर्चाच तिथे नाही. त्या नव्या कायद्यानेही हा भेद मानलेला नाही.

भाच्याला मी एवढंच विचारलं: तू जिंकायला जाणार, तर हरायला कोण येणार? तोही कुणाचा तरी मुलगा असेल, कदाचित फीचे पैसे घेऊन आलेला. त्याला हिशेबात धर, मग ठरव.