भुकेचा अभ्यास आणि आपली मुले

हल्ली आपल्या वस्तीत एखाद्या घरून पेढे येतात आणि कळते, त्यांची पोरगी 'फेलो' म्हणून लागली. म्हातारी माणसे विचारतात, ही नोकरी की शिक्षण? आम्ही सांगतो, दोन्ही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. मध्यंतरी ती बंद पडली, २०२३ साली पुन्हा सुरू झाली. पदवीधर तरुण-तरुणींनी सुमारे वर्षभर मानधनावर सरकारी कचेऱ्यांत राहून योजनांचे काम करायचे. अमेरिकेत तर केवळ भुकेच्या प्रश्नासाठी बिल इमर्सन यांच्या नावाची फेलोशिप निघाली. काही महिने गरीब लोकांत काम आणि काही महिने राजधानीत धोरणाचे काम, अशी तिची रीत.

रीत चांगली आहे. पण आम्हा सातारा-सांगलीच्या माणसांना या मुलांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. भूक केवळ धान्याच्या टंचाईने येत नाही.

हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. त्या काळात सुभेदार रामजी खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळाने माणसे हजारोंनी मरत होती आणि त्यांना मजुरी मिळावी म्हणून सरकार तिथे तलाव खोदून घेत होते. वडिलांना भेटायला १९०१ च्या सुमारास ही मुले रेल्वेने मसूरला उतरली. जात कळताच कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली. रात्र झाली. जवळ डबा भरलेला, पोटात भुकेची आग, तरी मुले उपाशीच निजली. कारण त्यांना कोणी घोटभर पाणी दिले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहिले आहे. अन्न हाताशी होते, ते तोंडापर्यंत जाण्याची वाट जातीने अडवली होती. भुकेचा याहून मोठा धडा कोणत्या विद्यापीठात मिळेल?

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या घरातल्या बाया खडी फोडायला गेल्या. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांवर आमची पिढी वाढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या कामांनी माणसे जगली, हे आम्ही विसरणार नाही. पण आमच्या आजीला कामावरच्या पिंपाला हात लावता येत नसे. कोणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी. सहा दिवस भरले तरी हजेरीपटावर पाच लागत. अंगठा उठवणाऱ्या बाईला ते कोण वाचून दाखवणार? कागदावर काम होते, मजुरीही होती. घरची चूल मात्र अर्धीच पेटे.

आणि कामाच्या हमीचा विचारही याच मातीतला. बाबासाहेबांच्या बालपणी तासगाव तालुका साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या तासगाव तालुक्यात विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ साली मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. गिरणीत, नगरपालिकेत राबणाऱ्या आपल्या माणसांच्या पगारपत्रकावर 'प्रोफेशन टॅक्स' म्हणून कापला गेला तोच हा. म्हणजे शहरातल्या भावाच्या पगारातून गावाकडच्या बहिणीची मजुरी निघाली! २००५ साली देशभरासाठी शंभर दिवसांच्या हमीचा कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला.

पण दिवस शंभर असोत की सव्वाशे, हजेरी कोण लिहितो आणि ती कोण तपासतो, यावर चूल पेटते. म्हणून आपली मुले या कामात गेली पाहिजेत.

बाबासाहेबही शिष्यवृत्तीवरच शिकले. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. परतल्यावर १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे मोठे केल्याने दारिद्र्य हटणार नाही, जमिनीवर फुकट बसलेल्या हातांना उद्योगधंद्यांत काम दिले पाहिजे, असे त्यांनी मांडले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते. आजच्या फेलोंपेक्षा थोडेसेच मोठे.

तेव्हा मुलांनो, कचेरीतल्या आकड्यांचा अभ्यास जरूर करा. पण माण, खटाव, जत, आटपाडीच्या कामावर एकदा दिवसभर उभे राहा. पाण्याला सर्वांचा हात लागतो का, ते पाहा. हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्याचे नाव त्याला विचारा, 'दिवस बरोबर लागले का?' रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या बाईला थांबवून कारण विचारा. अंगणवाडीत कोणते मूल येत नाही, त्याचे घर शोधा. मग अहवाल लिहा.

आपल्या घरांत अंगठा उठवणारी पिढी अजून हयात आहे. तिच्या हातांवर खडीचे घट्टे आहेत आणि तिच्या डोक्यात सगळा हिशेब पाठ आहे. फेलो झालेल्या पोरीने वही उघडून पहिली मुलाखत तिचीच घ्यावी.