विजेची बेगमी

पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करून ठेवण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. तांदूळ, डाळी, लोणची, पापड, सरपण. जे जे पावसात मिळण्याची शाश्वती नाही ते ते वैशाखातच घरात आणून ठेवावे, आणि मग आभाळाने खुशाल गळावे. हिंजवडीस राहावयास आल्यापासून आम्ही या यादीत एका नव्या पदार्थाची भर घातली आहे. तो पदार्थ म्हणजे वीज. ज्या गावात संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती रात्रभर झगमगतात, त्याच गावात गृहस्थाने विजेची बेगमी करावी, हे परस्थास चमत्कारिक वाटेल. पण वळवाची पहिली सर आली की येथे आधी दिवे जातात, मातीचा वास मागाहून येतो.

आमची ही कणगी सज्जाच्या कोपऱ्यात उभी आहे. बॅटरीच्या पोटात शिशाचे पत्रे गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. ही युक्ती गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली काढली, आणि तिचे मूळ तत्त्व अद्याप पालटलेले नाही. बॅटरी देते ती एकाच दिशेने वाहणारी १२ व्होल्टची वीज. घरातील पंख्यास हवी ती सेकंदास ५० हेलकावे घेणारी २३० व्होल्टची. या दोघींमधला दुभाषी म्हणजे इन्व्हर्टर.

कणगीत धान्य किती, हे गृहिणीस ठाऊक असते. बॅटरीत वीज किती, हे मात्र फार थोडे लोक मोजून पाहतात. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास यांचा गुणाकार १८०० वॉट-तास होतो. म्हणजे ती सारी बेगमी दोन युनिटेसुद्धा नव्हे! त्यातही बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य घटते, आणि दुभाष्याचीही काही दलाली असतेच. हाती उरतात सुमारे १२०० वॉट-तास. दोन पंखे, चार दिवे आणि इंटरनेटची पेटी यांचे मिळून २०० वॉट धरले, तर सहा तासांची सोय झाली. पाणी तापविण्याच्या गीझरापुढे हीच शिदोरी अर्ध्या-पाऊण तासाचीही नव्हे. शिवाय यातला एकही कण घरी पिकलेला नाही. जी वीज गेली म्हणून आपण बॅटरीकडे धाव घेतो, तिनेच काल ती भरून ठेविलेली असते.

हे सारे खरे असूनही बॅटरीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परीक्षेला बसलेली मुलगी, वाफाऱ्याच्या यंत्रावर श्वास घेणाऱ्या आजीबाई, रात्रपाळीला घरूनच काम करणारा तरुण, यांना अंधाराचे काव्य ऐकवू नये. आमची तक्रार निराळीच आहे. वीज जाताच इन्व्हर्टर इतक्या चटकन पुढे सरसावतो, की ती गेल्याचे घरात कोणाला कळतही नाही. जे कळत नाही त्याविषयी कोणी दाद मागत नाही. चारशे बिऱ्हाडांच्या वसाहतीत चारशे बॅटऱ्या आल्या, की गाऱ्हाणे सांगावयास उरतो तो कुंपणापलीकडे पत्र्याच्या खोल्यांत राहणारा बांधकामावरचा मजूर. आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकावयास कचेरीला सवड कोठली?

हा प्रश्न या मातीस नवा नाही. हिंजवडी मुळशी तालुक्यात मोडते. याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झाले, मावळ्यांची भातखाचरे बुडाली, त्या पाण्यावर कोकणात भिरा येथे वीज निघू लागली, आणि ती मुंबईस गेली. प्रकाश कोणाला आणि अंधार कोणाला, हा हिशेब येथे शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता.

याउलट उदाहरणही जवळचेच आहे. राज्यात भारनियमनाचा कहर असता, २००६ साली पुणे-पिंपरी भागातील काही कारखानदारांनी आपली डिझेल जनित्रे मागणीच्या ऐन भरात चालविली आणि तेवढी वीज शहरासाठी मोकळी केली. वाढीव खर्च वीजग्राहकांकडून आकाराच्या रूपाने वसूल झाला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते ओळखले गेले. साधन तेच, खासगी बेगमीचे. पण ते सर्वांच्या पंक्तीला वाढले, एवढाच फरक.

२०२५ च्या जुलैत येथील भूमिगत उच्चदाब वाहिनीत बिघाड झाला. दुरुस्ती घटका-दोन घटकांत उरकण्याजोगी नव्हती. अशा वेळी सहा तासांची शिदोरी सहा तासांनीच संपते. मग मोठ्या बॅटरीचे घर आणि लहान बॅटरीचे घर यांत अंतर राहते ते केवळ तासा-दोन तासांचे. घरची कणगी कितीही भरलेली असली तरी शेत सर्वांचे एकच आहे.

म्हणून आम्ही एक परिपाठ ठेविला आहे. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालण्याचा दिवस आला, की ती मधल्या काळात किती वेळा आणि किती वेळ कामी आली याची नोंद उतरून काढावी आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी कचेरीस धाडावी. कुंपणापलीकडच्या खोल्यांतूनही तीन सह्या गेल्या खेपेस मिळाल्या. पाणी घातल्याने बॅटरी टिकते. वीज टिकावयाची तर तिलाही कोणी तरी खतपाणी घातले पाहिजे.