वाऱ्याची बाजू

हिमवादळ ओसरलं की गुलमर्गला आभाळ निळंभोर होतं आणि अफरवट डोंगराच्या उतारांवर ऊन पडतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्या मंडळींना वाटतं, सुटलो एकदाचे, आता निघायला हरकत नाही. मला मात्र हीच वेळ सगळ्यात बेभरवशाची वाटते. आभाळातून पडणारा बर्फ थांबलेला असतो, वाऱ्यावर येणारा थांबलेला नसतो. धारेवर पांढरा धूर दिसला की समजावं, पलीकडचा बर्फ उचलून अलीकडे ओतायचं काम चालू आहे. नाणेघाटात पावसाळी वारा धबधबा उलटा वर उधळतो, तो आपण हौसेने बघायला जातो. इथे उधळलेलं वाहून जात नाही, आडोशाच्या उतारावर साठत राहतं.

स्कीच्या तळाला मागे घसरू न देणाऱ्या ‘स्किन’ पट्ट्या चिकटवून चढताना म्हणून खडकांकडेही बघत जावं. गोठलेल्या धुक्याची पांढरी पिसं त्यांना फुटलेली असतात. ती वाढतात वारा येतो त्या दिशेला. नवख्याला नेमकं उलट वाटतं. धारेवरचा बर्फाचा छज्जा मात्र वारा जातो तिकडे झुकतो. दोन्ही खुणा जुळल्या की कुठला उतार खरवडला गेला नि कुठला भरला, हे कळतं.

वाऱ्याबरोबर फरफटताना हिमकणांच्या नक्षीदार भुजा मोडतात, भुगा होतो आणि तो गच्च बसतो. वरून गुळगुळीत, पायाला टणक. सह्याद्रीत मुरलेल्या पायांना टणक म्हणजे भरवशाचं; तो हिशेब इथे चालत नाही. स्कीची काठी उलटी धरून मुठीकडून खुपसा. वरच्या थरात चांगला जोर लागतो, आणि मग ती एकदम आत जाते, खाली काही नसल्यासारखी. खाली असतात साखरेसारखे सुटे दाणे. २१ डिसेंबरपासून चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस. त्या काळात बर्फ पातळ आणि रात्री निरभ्र असल्या, की जमिनीची ऊब आणि वरचा गारठा यांच्या ओढाताणीत हे दाणे तयार होतात. एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर ही लादी नुसती टेकलेली. उतार ३० ते ४५ अंशांचा असला तर एका माणसाचं वजन पुरतं. ‘धप्प’ आवाज होतो, स्कीच्या टोकापासून तडा पळत सुटतो नि लादी हिमस्खलन होऊन खाली येते.

बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. पण ती साधनं गाडला गेल्यानंतरची, आणि खरी आशा पहिल्या पंधरा मिनिटांपुरती. गटातला एखादा म्हणतोच, “काल तर इथूनच लोक उतरले!” काल वारा कुठून होता, एवढंच त्याला विचारावं.

गोंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, रेषेबाहेर जाणार असाल तर स्की पेट्रोलवाल्यांकडे त्या दिवसाची चौकशी करा. धारेवर धूर दिसतोय तोवर आडोशाच्या खड्या उतारावर जाऊ नका, त्याच्या पायथ्याशीही थांबू नका. खरवडलेल्या, ओबडधोबड सोंडेवरून उतरा. स्की खडखडतील, मजा येणार नाही. चालेल.